गाडीतला टेप बदलताना : लाल वायर, पिवळी वायर आणि आपला दहावीचा धडा



आज विषय जरा वेगळा आहे. गाडीतला टेप. हो, टेपच. कॅसेट जाऊन कितीतरी वर्षे झाली, आता त्या जागी टच स्क्रीन आली, तरी आपल्या धाराशिवकडे त्याला अजून टेपच म्हणतात. "टेप बसवला का गाडीला?" असंच विचारतात. तुम्ही म्हणाल, शाळेच्या ब्लॉगवर टेपचं काय काम? शेवटपर्यंत वाचा, मग सांगा.

आपल्यातले बरेच जण रोज अप-डाउन करतात. कुणी धाराशिवहून तुळजापूरच्या बाजूला, कुणी कळंब-येडशी, कुणी उमरगा-लोहारा. चौघेजण पेट्रोलची वर्गणी काढून एका जुन्या गाडीने जातात. अशा गाडीत कंपनीने दिलेला साधा रेडिओ असतो. मग घरातलं लेकरू मागे लागतं, "आई, सगळ्यांच्या गाडीला मोठी स्क्रीन आहे, आपल्याच गाडीला नाही." आमच्याकडेही तेच झालं. लेक नववीत. तिच्या हट्टापायी एका दुकानात गेलो, तासाभरात कंपनीचा रेडिओ निघाला आणि नवी स्क्रीन बसली. घरी सगळे खूश.

शनिवारी सकाळची शाळा करून बाराच्या सुमाराला गाडी दारात लावली. सोमवारी सकाळी नऊला चावी फिरवली तर नुसता 'कट्' आवाज. बॅटरी बसली होती. त्या दिवशी मी शाळेत पोहोचले तेव्हा परिपाठ होऊन गेला होता.

जे मी शिकवते, ते मलाच दिसलं नाही

शेजाऱ्यांनी एका पोराला बोलावलं. गाड्यांचं वायरिंग करणारा. आला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, ओळखलं का? मी मागच्या बाकावर बसायचो." ओळखलं. विज्ञानात जेमतेम पास झालेला. त्याने स्क्रीन बाहेर ओढली, मागच्या वायरी बघितल्या आणि अर्ध्या मिनिटात म्हणाला, "ह्यानं लाल आणि पिवळी एकत्र मारलीय. गाडी बंद केली तरी टेप झोपतच नाही, मॅडम."

आता हे नीट समजून घेऊ, कारण हा धडाच आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्टिरिओच्या मागे वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळी वायर थेट बॅटरीची. गाडी बंद असली तरी तिच्यात १२ व्होल्ट असतात, घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशनं लक्षात राहावीत म्हणून. लाल वायर चावीची. चावी फिरवली तरच तिच्यात करंट येतो, आणि तो आला की सेट जागा होतो. काळी वायर अर्थिंगची, म्हणजे गाडीच्या बॉडीची. स्पीकरच्या चार जोड्या : पांढरी पुढची डावी, करडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी. प्रत्येक जोडीत काळी रेघ असलेली ती मायनस.

हे रंग नव्या सेटच्या बाजूचे. गाडीच्या बाजूचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. म्हणून 'रंगाला रंग जोड' असं चालत नाही. पहिल्या दुकानात वायरी कापल्या होत्या, चावीची वायर शोधायचा कंटाळा केला होता, आणि लाल-पिवळी पिळून बॅटरीच्या वायरीला जोडून काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. सेट सुरू झाला, गाणं वाजलं, आम्ही पैसे दिले. चूक कुठेच दिसली नाही, कारण ती गाडी बंद झाल्यावर सुरू होणार होती.

आता हिशेब करा. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ ॲम्पिअर-तासांची. समजा, जागा राहिलेला सेट अर्धा ॲम्पिअर खातो. शनिवारी दुपारी बारा ते सोमवारी सकाळी नऊ म्हणजे ४५ तास. ४५ गुणिले ०.५ बरोबर २२.५ ॲम्पिअर-तास. म्हणजे नव्या बॅटरीतलाही जवळजवळ दोन-तृतीयांश माल गेला. आमची बॅटरी तर जुनी. स्टार्टरला त्या क्षणी शंभर ॲम्पिअरच्या आसपास किंवा त्याहून जास्त करंट लागतो. तो कुठून येणार?

वीस वर्षे मी विद्युतधारा शिकवते. फळ्यावर सूत्र लिहिते, उदाहरणं सोडवून घेते. पण सोमवारी सकाळी माझ्या डोक्यात सूत्र आलं नाही, 'आता उशीर होणार' एवढंच आलं. मागच्या बाकावरच्या पोराला मात्र वायर बघूनच कळलं. हे लिहायला थोडं अवघड वाटतं, पण खरं आहे.

खोक्यावरचे वॅट आणि आपलं गणित

त्याच दिवशी लेकीने नव्या सेटचं खोकं पुढे केलं. त्यावर मोठ्या अक्षरात : ५० वॅट × ४. "म्हणजे २०० वॅट ना, आई?"

मी म्हटलं, वही घे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. गाडीचा स्पीकर बहुतेक ४ ओहमचा. शक्ती बरोबर व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. १४.४ चा वर्ग २०७.३६, भागिले ४, उत्तर ५१.८४. आला की नाही ५० चा आकडा! पण हा आकडा कधी खरा? सेटने संपूर्ण व्होल्टेज सतत स्पीकरवर ढकललं तर. तेव्हा गाणं ऐकू येत नाही, नुसती फाटलेली घरघर येते. स्वच्छ स्वरासाठी याच्या निम्मं धरायचं, म्हणजे फार तर २६ वॅट. सेटच्या आत जाणारं व्होल्टेज वजा केलं की प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

आणखी एक पडताळा. सेटच्या मागे फ्यूज असतो. पुष्कळ सेटना तो १० ॲम्पिअरचा असतो. १० गुणिले १४.४ म्हणजे १४४ वॅट. जो फ्यूज आतच १४४ वॅट जाऊ देतो, त्यातून सतत २०० वॅट बाहेर कसे येतील? ऊर्जा अक्षय्यतेचा नियम खोक्यावरच्या जाहिरातीला लागू नाही असं थोडंच आहे? जुन्या लोकांना आठवत असेल, पूर्वी स्पीकरवर 'पीएमपीओ' म्हणून हजारो वॅट लिहिलेले असायचे. तीच गोष्ट, नवा सदरा.

शिक्षक मित्रांनो, नववीच्या पुस्तकात 'धाराविद्युत' आहे, दहावीत 'विद्युतधारेचे परिणाम' आहे. त्यात इस्त्री आहे, बल्ब आहे, शेगडी आहे. चांगलंच आहे. पण लेकराच्या डोळ्यांसमोर रोज असणारं हे खोकं त्यात आणायला कुणाची परवानगी लागते का? 'जाहिरातीतला आकडा तपासून बघ' हे एकदा जमलं की ते लेकरू पुढे खताच्या गोणीवरचे आकडेही तपासेल आणि कर्जाच्या व्याजाचेही. मला वाटतं, त्याच्या सगळ्या शिक्षणातली ही सगळ्यात उपयोगी सवय असेल.

मापनाचा धडाही यातच आहे. गाडीच्या रेडिओच्या तोंडाचं माप जगभर ठरलेलं : १८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच. जर्मनीत ठरलेलं हे माप पुढे आंतरराष्ट्रीय झालं, म्हणून दुकानदार 'वन डिन' आणि दुप्पट उंचीला 'टू डिन' म्हणतात. माप एक असल्यामुळेच एका कंपनीच्या गाडीत दुसऱ्या कंपनीचा सेट बसतो. प्रमाणित मापं का हवीत, याचं यापेक्षा सोपं उदाहरण कोणतं?

रेडिओ काढलात, पण तो गेला कुठे?

आता माझी दुसरी तक्रार. ही दुकानावर नाही, आपल्यावरच आहे.

नव्या स्क्रीनवर सगळं काही असतं : नकाशा, व्हिडिओ, मोबाइल जोडायची सोय. रेडिओचं चित्र मात्र कुठेतरी तिसऱ्या पानावर. स्वस्त सेटमध्ये तर मध्यम लहरी, म्हणजे एएम, बऱ्याचदा नसतातच. एफएम असतं, पण ॲन्टेनाची पिन अर्धवट बसवलेली, किंवा ॲन्टेनाच्या बूस्टरला वीज देणारी निळी वायर तशीच लोंबकळत ठेवलेली. मग खरखर ऐकू आली की आपण म्हणतो, "आता रेडिओ कोण ऐकतंय!" आणि विषय संपतो.

धाराशिवला आकाशवाणीचं स्वतःचं एफएम केंद्र आहे. सोलापूरची आकाशवाणी तुळजापूरच्या बाजूला जुन्या लोकांच्या सवयीची. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, बालाघाटच्या डोंगराआड गेलं की अडखळतात. मध्यम लहर जमिनीला धरून पुढे सरकते. घाट उतरताना हा फरक लेकरांना कानाने ऐकवता येतो. पण त्यासाठी गाडीत दोन्ही हवं.

यापेक्षा मोठं कारण सांगते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या जिल्ह्यातलं कोणतंही घर विसरलेलं नाही. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं. हजारो माणसं गेली. तेव्हा घरोघरी फोन नव्हते, मोबाइल तर नव्हताच. दूरच्या नातेवाइकांनी रेडिओला कान लावून गावांची नावं ऐकली. आता मोबाइल आहे, हे खरं. पण २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात पुराने काय केलं ते आपण पाहिलं. वीज गेली की टॉवरची बॅटरी काही तास टिकते, आपल्या मोबाइलची एखादा दिवस. दारातल्या गाडीत मात्र १२ व्होल्टची बॅटरी आणि चालू रेडिओ असेल, तर बाहेरचा आवाज घरात येत राहतो. त्याला रिचार्ज लागत नाही आणि रेंजही लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. टेप खुशाल बदला. पण घेताना "एफएम नीट लागतं का, एएम आहे का?" हे विचारा, आणि दुकानातून निघण्याआधी आकाशवाणी लावून बघा.

पुढच्या सीटवरचा सिनेमा

तिसरी गोष्ट जिवाची आहे.

स्क्रीनच्या मागे एक वायर हँडब्रेकची असते. हँडब्रेक ओढलेला असेल तरच व्हिडिओ दिसावा, गाडी चालताना दिसू नये, यासाठी ती ठेवलेली असते. पुष्कळ ठिकाणी ती वायर सरळ बॉडीला जोडून टाकतात. सेटला वाटतं हँडब्रेक ओढलेलाच आहे, आणि चालत्या गाडीत सिनेमा सुरू. दुकानदाराला दोष देण्याआधी विचार करा, त्याला हे करायला सांगतो कोण? आपणच. "लेकरं रडतात हो, चालू राहू दे."

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरहून थोडं जास्त. तीन सेकंद नजर स्क्रीनवर गेली की गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते, न बघता. सोलापूर-धाराशिव महामार्गावर रात्री उसाची ट्रॉली पुढे असते, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. पन्नास मीटर म्हणजे काय, हे त्या वेळी कळून उपयोग नाही.

आणि त्या ट्रॅक्टरचंही बोलू. गळीत हंगामात ट्रॅक्टरवरचे मोठाले स्पीकर आपण सगळे ऐकतो. रात्रभर जागून ऊस वाहणाऱ्या पोराला झोप येऊ नये म्हणून तो गाणी लावतो. त्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण त्याची झोप कुणी मोजली का? तरी त्या आवाजात मागच्या गाडीचा हॉर्न त्याला ऐकू येत नाही, हेही तितकंच खरं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र आणि तिथे दिवसा ५० डेसिबलची मर्यादा. आपल्या शाळेसमोरून असा ट्रॅक्टर जातो तेव्हा आपण खिडकी लावून घेतो. एखाद्या दिवशी त्यालाच पाणी प्यायला थांबवून बोलून बघू. कित्येकदा तो आपलाच माजी विद्यार्थी निघतो.

"मग काय, आमच्या पोरानं वायरमन व्हायचं का?"

हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. येऊ द्या. माझं उत्तर असं की, व्हायचं की नाही ते तो ठरवेल. पण वायर कळायला हवीच. डॉक्टर झाला तरी गाडी चालवणारच आहे ना?

आणि वायरमन झाला तर बिघडलं काय? त्या दिवशी माझी गाडी सुरू करणाऱ्या पोराला मी पाच वर्षे 'लक्ष नसलेला' म्हणत होते. आता वाटतं, त्याचं लक्ष होतं, पण फळ्यावरच्या आकृतीत हात घालायला जागा नव्हती. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, गावातल्या कारागिरांसोबत काम शिकायची सूचना आहे. मग तो कारागीर म्हणजे फक्त कुंभार आणि सुतारच का? बसस्थानकाजवळचा वायरिंगवाला का नको? त्याला एक दिवस शाळेत बोलवा. खुर्ची द्या, चहा द्या आणि 'सर' म्हणून ओळख करून द्या. मी हे केलं. तो आधी लाजला. मग फ्यूज उडवून दाखवला तेव्हा वर्गात जी शांतता पसरली, तशी माझ्या तासाला कधी पसरली नव्हती.

काही जण म्हणतील, एवढं सगळं असेल तर कंपनीचा रेडिओच राहू द्यावा. तेही बरोबर आहे. ज्या नव्या गाड्यांमध्ये रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं, गाडीच्या सूचना असं सगळं एकाच स्क्रीनला बांधलेलं असतं, तिथे हात न लावलेलाच बरा. जुन्या, साध्या गाडीत मात्र बदल करायला हरकत नाही. फक्त तो आपल्याला समजून झाला पाहिजे.

पालकांनी एवढं बघा

१. वायर कापू देऊ नका. आपल्या गाडीचा कपलर मागा. एका टोकाला गाडीचा सॉकेट, दुसऱ्या टोकाला नव्या सेटचा. थोडे पैसे जास्त जातात, पण उद्या जुना सेट परत बसवता येतो. वॉरंटीतल्या गाडीची वायर कापली, तर वायरिंगच्या बिघाडाला कंपनी हात वर करू शकते.

२. काम सुरू करण्याआधी बॅटरीची मायनस बाजू आधी सोडवायची आणि शेवटी जोडायची. कारण लेकराला विचारा. सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. प्लस सोडवताना पाना बॉडीला लागला की थेट शॉर्ट सर्किट. मायनस आधी निघालेली असेल तर काहीच होत नाही.

३. स्पीकरची मायनस वायर बॉडीला जोडायची नाही. हल्लीच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर व्होल्टेज असतं. बॉडीला लावली की सेटची आयसी जळू शकते.

४. फ्यूज उडाला तर त्या जागी तेवढ्याच ॲम्पिअरचा घाला. मोठा घालू नका, तार तर मुळीच गुंडाळू नका. फ्यूज वितळतो म्हणून वायर वाचते. तो वितळला नाही तर वायर तापेल, आणि ती डॅशबोर्डच्या आत, प्लॅस्टिकच्या शेजारी असते.

५. गाडीच्या मूळ किमतीत नसलेला सेट विम्यात आपोआप येत नाही. पॉलिसी नव्याने घेताना तो वेगळा सांगून थोडा हप्ता भरावा लागतो. पक्की पावती म्हणूनच जपून ठेवा.

६. जुना सेट आणि त्याची फ्रेम भंगारात देऊ नका. घरी आणा.

जुन्या सेटचं काय केलं?

आमचा जुना रेडिओ आता शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. १२ व्होल्टची एक बॅटरी, घरातला एक जुना स्पीकर आणि ॲन्टेना म्हणून खिडकीतून बाहेर सोडलेली मीटरभर तार. जोडणी मुलांनीच केली. गाडीत जी चूक झाली होती तीच इथे आम्ही मुद्दाम केली. बॅटरीची आणि चावीची, दोन्ही वायरी एकत्र प्लसला जोडल्या, कारण टेबलावर चावी कुठून आणणार? पण मध्ये एक बटण आणि एक फ्यूज घातला. "गाडीत चूक, मग इथे बरोबर कसं?" असं एका मुलीने विचारलं. उत्तर मी दिलं नाही. मागच्या बाकावरून आलं : "इथे बटण बंद केलं की सगळंच झोपतं, बाई."

त्या बाकाकडे आता मी जरा जास्त बघते. तुम्हीही बघा.